गाडीची चाकं आणि घराची चढण

सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे. सकाळच्या चहाला सुरू होतो तो रात्रीची जेवणं आटोपेपर्यंत. नवीन गाडी घ्यायची ती टू व्हील ड्राइव्ह की फोर व्हील ड्राइव्ह?

चिरंजीवांचं उत्तर विषय निघायच्या आधीच तयार होतं. त्याच्या मोबाईलवर थार चिखलातून जाते, नदीतून जाते, आणि अजून थोडे व्हिडिओ बघितले तर बहुतेक ढगातूनही जाईल. मुंबईचा धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, अप्पांच्या वेळी काय झालं ते बघितलंस ना? मग आता विचार कसला करतोस?" मिशिगनची ताई म्हणते, "आमच्याकडे तर सगळे ऑल व्हील ड्राइव्हच घेतात बाबा." आणि आमची ही फक्त एवढंच विचारते, "किती जास्त पडतात?"

या सगळ्यांच्या मधे अस्मादिक. गेले काही महिने कोटेशनं गोळा केली, तीन गाड्या चालवून बघितल्या, ओळखीच्या मेकॅनिकचं डोकं खाल्लं, आणि शेवटी सगळ्यांच्या अपेक्षेच्या बरोबर उलट ठिकाणी येऊन पोचलो. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. ज्यांना गाड्यांमधे काडीचाही रस नाही त्यांनी शेवटचा भाग तरी वाचावा. विशेषतः गावाकडच्यांनी.

तर आधी पार्श्वभूमी. आमचं गाव गुहागर तालुक्यात. पुण्याहून सातारा, कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणला चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं. सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. हा सगळा रस्ता डांबरी. (खड्डे धरून डांबरी. :)) पण डांबरी रस्ता संपल्यावर आमच्या घरापर्यंत साधारण साडेतीनशे मीटर कच्ची वाट आहे, आणि त्यातली शेवटची शंभर-सव्वाशे मीटर म्हणजे खडी चढण. तांबडी माती, मधेमधे उघडा पडलेला जांभा. वर चार घरं. ऑक्टोबर ते मे या वाटेबद्दल कुणाची काही तक्रार नसते. जून लागला की वरच्या सड्यावरचं पाणी सरळ या वाटेनेच खाली धावतं, माती धुपून जाते, दगडांवर शेवाळ धरतं आणि मग चालणारी माणसंसुद्धा कडेच्या गडग्याला हात लावत चालतात.

गेल्या जुलैत अप्पा पडवीच्या पायरीवरून घसरून पडले. वय 81. खुब्याचं हाड मोडलं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि पाऊस म्हणजे नुसता कोसळत होता. आईने शेजारी हाका मारल्या, कुणीतरी 108 ला फोन लावला. रुग्णवाहिका आली, पण कच्ची वाट सुरू होते तिथेच थांबली. ड्रायव्हरने टॉर्च घेऊन चढण बघितली आणि गाडी वर येणार नाही म्हणाला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, मीही घातली नसती. मग वाडीतल्या चौघांनी स्ट्रेचर वर आणलं, अप्पांना त्यावर ठेवलं, वरून ताडपत्री धरली आणि त्या शेवाळावरून पाय रोवत रोवत खाली नेलं. मला पुण्यात फोन आला तेव्हा अप्पा चिपळूणच्या वाटेवर होते.

ऑपरेशन झालं, दहा दिवसांनी घरी सोडलं. घरी मी आणलं, माझ्या गाडीतून. आणि इथे माझी शोभा झाली. चढणीच्या मध्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. जळक्या रबराचा वास, मागे घसरणारी गाडी, मागच्या सीटवर अप्पा, आणि वाडीतलं यच्चयावत पब्लिक छत्र्या घेऊन बघायला. एकाने सुचवलं, "उलटी चढव." तसंही करून बघितलं. रिव्हर्समधे गाडी आधीपेक्षा बरीच वर गेली, पण शेवटच्या वळणाने हात टेकायला लावले. शेवटी अप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. अप्पा खुर्चीतून म्हणाले, "शिमगा यंदा लवकर आला. पालखी निघाली."

भावाने याचा व्हिडिओ काढला होता. तो सगळ्या नातेवाइकांत फिरला आणि निकाल लागला: दादाने फोर बाय फोर घ्यावी.

आता थोडं यंत्रशास्त्र. घाबरू नका, माझंही तेवढंच आहे.

इंजिनाचा जोर रस्त्यापर्यंत पोचतो तो टायरमधून. टायर जमिनीला जेवढं धरेल तेवढाच जोर कामाला येतो, उरलेल्यात चाक नुसतं फिरतं. दोनच चाकांना जोर दिला की सगळा भार त्या दोन टायरांच्या पकडीवर. चौघांना वाटून दिला की प्रत्येकाला कमी ढकलावं लागतं, म्हणून निसरड्यावर गाडी हलते, चढते, चिखलातून बाहेर निघते. फोर व्हील ड्राइव्हचं खरं काम हे, आणि ते काम ती चोख करते. याबद्दल वाद नाही.

दोन चाकांतही फरक आहे. आपल्या आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांचा जोर. 1983 साली मारुती 800 आली तेव्हापासून आपल्याला त्याची सवय झाली. त्याआधीच्या अँबॅसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. पुढे इंजिनाचं वजन असतं, त्यामुळे सपाट चिखलात पुढची चाकं चांगली पकड धरतात. पण गाडी चढणीला लागली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि ऐन मोक्याला फिरायला लागतात. गाडी उलटी घातली की तीच चाकं उताराच्या बाजूला येतात, त्यांच्यावर वजन पडतं आणि गाडी चढते. वाडीतल्या माणसाने सांगितलेली युक्ती अगदी शास्त्रशुद्ध होती. मी इंजिनियर असूनही मला ती सुचली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

आता दुसरी बाजू. थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांमधे फोर व्हील ड्राइव्ह कायम चालू नसते, एक जास्तीचा दांडा असतो. रोजच्या डांबरी रस्त्यावर तो टू व्हीलवरच ठेवायचा असतो. कारण वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. फोर व्हील लावली की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट जोडले जातात. निसरड्या जमिनीवर चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर चाकं घसरत नाहीत, मग सगळा ताण गिअरांवर आणि दांड्यांवर येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडल्यासारखी चालते, आणि असंच चालवत राहिलं तर काहीतरी मोडतं.

म्हणजे बघा, पैसे फोर व्हीलचे मोजायचे आणि पुणे ते गुहागर तीनशे किलोमीटर टू व्हीलवरच चालवायची. उरलेल्या दोन चाकांची यंत्रणा तोपर्यंत नुसती वजन म्हणून सोबत. तिच्या वजनाचं पेट्रोल मात्र रोज जातं, तिचं तेल बदलावं लागतं. शहरी वळणाच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांमधे हे काम आपोआप होतं. एरवी पुढची चाकं ओढतात, ती घसरायला लागली की मागच्यांना जोर मिळतो. सोय चांगली आहे. पण तिथेही रोजचा प्रवास टू व्हीलवरच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जोर चारही चाकांना जाऊ शकतो, पण ब्रेक प्रत्येकच गाडीला चार चाकांना असतो. दहा वर्षं जुन्या हॅचबॅकलाही आणि नव्याकोऱ्या फोर बाय फोरलाही. ब्रेक दाबला की गाडी कुठे थांबणार हे टायर, रस्ता आणि तुमचा वेग यांवर ठरतं. वेग दुप्पट केला की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, आणि या हिशेबात फोर बाय फोरला सवलत नाही. उलट ती वजनाला जास्त असते. (लो रेंज लावून अगदी तीव्र उतार चालण्याच्या वेगाने उतरता येतो, इंजिन गाडीला धरून ठेवतं, हे मान्य. पण घाटात पन्नासच्या वेगाने उतरताना लो रेंज कुणी लावत नाही.)

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या फोर बाय फोरमधून कुंभार्ली उतरत होतो. पाऊस, धुकं, आणि आमचा मित्र खुशीत. मी म्हटलं जरा हळू घे, तर म्हणाला, "अरे, चारही चाकं आहेत!" पुढच्या वळणावर एक ट्रक बंद पडून उभा. मित्राने ब्रेक मारला आणि गाडी चारही चाकांवर, अगदी शांतपणे, सरळ त्या ट्रककडे घसरत गेली. हातभर अंतर राहिलं तेव्हा थांबली. चिपळूण येईपर्यंत कुणी बोललं नाही. मला वाटतं, दोन चाकांवरची गाडी चढताना घसरून आपल्याला आधी सांगते की बाबा, रस्ता निसरडा आहे. चार चाकांवरची ते सांगत नाही. पहिल्यांदा कळतं ते ब्रेक मारल्यावर.

ताईला हा किस्सा सांगितला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, पहिला बर्फ पडला की हायवेच्या कडेच्या चरात मोठ्या मोठ्या फोर बाय फोरच जास्त दिसतात. मग कबूल केलं की तिच्या नवऱ्याचा खरा भरवसा आहे तो हिवाळ्यात बदलायच्या टायरांवर. थंडीत, साधारण 7 अंशांच्या खाली, नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, म्हणून चालवताना, वळताना आणि थांबताना, तिन्ही वेळा पकड मिळते. ऑल व्हील ड्राइव्हचा उपयोग त्यातल्या पहिल्या कामाला.

टायरांचा विषय निघालाच आहे तर माझीही एक कबुली. अप्पांना घेऊन चढणीवर अडकलो तेव्हा माझ्या गाडीचे टायर सात वर्षांचे होते. टायरच्या कडेवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे नियमाने किमान 1.6 मिलिमीटर नक्षी शिल्लक हवी, आणि तेवढी उरली की दाखवायला खाचांच्या तळाशी छोट्या गाठी असतात. माझ्या टायरची नक्षी त्या गाठींना येऊन भिडली होती. व्हिडिओ बघून गाडीला नावं ठेवणाऱ्या शंभर नातेवाइकांपैकी एकानेही टायर बघितले नाहीत. मीही बघितले नव्हते, आणि माझा तर तो रोजचा संबंध.

परत आल्यावर चारही टायर बदलले. ऑगस्टमधे गणपतीच्या आधी पुन्हा गेलो. तीच गाडी, तीच चढण, पाऊसही तसाच. सरळच घातली आणि जुलैत जिथे उलटी घालूनही अडकली होती तिथवर विनातक्रार गेली. वरचं वळण तेवढं राहिलं. तिथे पाण्याने माती इतकी धुऊन नेली आहे की टायरला धरायला काही उरलेलंच नाही.

आता पैशाचं. माझ्या हातात आलेल्या कोटेशनांमधे एकाच गाडीच्या टू व्हील आणि फोर व्हीलमधला फरक दीड ते अडीच लाखांचा निघाला. काही गाड्यांमधे तर गोष्ट नुसत्या दोन चाकांची राहत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं 1200 किंवा डिझेलचं 1500 सीसीपर्यंत असेल तर जीएसटी 18 टक्के, त्याहून मोठं असेल तर 40. तीन दारांची थार घ्या. मागच्या चाकांवर चालणारी डिझेल थार 1.5 लिटरची, ती 18 टक्क्यांत बसते. फोर व्हीलची डिझेल 2.2 लिटरची, ती सरळ 40 मधे. नाव तेच, रूप तेच, हिशेब वेगळा. हीचा प्रश्न किती योग्य होता ते तेव्हा कळलं.

त्या पैशांत मला काय हवं याची माझी यादी आता वेगळी आहे. चांगले टायर आणि ते वेळेवर बदलायची बुद्धी. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी वळणावर भरकटायला लागली की हवं तेच चाक ब्रेक करून तिला सरळ करणारी यंत्रणा. एबीएस तर एप्रिल 2019 पासून आपल्याकडे सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. आणि जमिनीपासून थोडी उंची, आमच्या दगडांसाठी. यातलं एकही दोन की चार या प्रश्नावर अवलंबून नाही.

फोर व्हील ड्राइव्ह कुणीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. ज्याची आंब्या-काजूची बाग डोंगरात आहे आणि जो रोज तिथे खत-पाणी घेऊन जातो, जो जंगलखात्यात आहे, जो हिमाचलात वर कुठेतरी राहतो, त्याचा रोजचा रस्ताच तसा आहे. त्याने जरूर घ्यावी. दुसऱ्या महायुद्धातली जीप त्याच कामासाठी जन्मली, आणि आपल्याकडे महिंद्राने 1947 पासून ती जोडायला घेतली तीही रस्ते नव्हते म्हणूनच. पण त्याच काळात, 1 जून 1948 ला, पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. सुटली, आणि पुढच्या काही दशकांत तिने महाराष्ट्रातली गावंच्या गावं जोडली, ती सगळी मागच्या चाकांच्या जोरावर. वडापच्या बहुतेक जीपा आणि ट्रॅक्सही तशाच चालायच्या. गाड्यांना चार चाकांचा जोर मिळाला म्हणून गावं जोडली गेली नाहीत. आधी खडी पडली, मोऱ्या बांधल्या गेल्या, पाण्याला वाट काढून दिली, मग एस.टी. आली.

आणि इथे मी माझ्या खऱ्या मुद्द्याशी येतो.

भावाचा युक्तिवाद असा की रोजचं सोड, पण वर्षातून तो एक दिवस येतो ना, त्या दिवसासाठी घे. विम्यासारखं. मलाही हे बरेच दिवस पटत होतं. आमचे अप्पा 81 चे, आई 76 ची. तो दिवस पुन्हा येणार हे मलाही माहीत आहे. मग एका रात्री झोप येईना म्हणून तो जुलैचा दिवस पहिल्यापासून आठवत बसलो, आणि लक्षात आलं की आम्ही सगळे चुकीचा व्हिडिओ बघतोय.

व्हिडिओ आहे तो अप्पा घरी आले त्या दिवसाचा. त्या दिवशी फार तर माझी फजिती झाली. अप्पांच्या जिवाचा प्रश्न होता तो दहा दिवस आधीच्या रात्री, आणि त्या रात्री माझी गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमधे उभी होती. ती चार चाकांची असती काय आणि आठ चाकांची असती काय, अप्पांना तिचा काय उपयोग होता? त्या रात्री जी गाडी खरोखर आली होती ती 108 ची होती. चढता आलं नाही ते तिला. मी फोर बाय फोर घेतली तर आमच्या चढणीवर जगातली एकच गाडी चढेल, माझी, आणि ती वर्षातले साडेतीनशे दिवस तिथे नसेल.

म्हणून मी गाडीचं कोटेशन बाजूला ठेवलं आणि ऑगस्टमधे मोजपट्टी घेऊन चढण मोजली. खरी अवघड आहे ती 110 मीटर. सगळी वाट काँक्रीटची करायची गरजच नाही. चाकांखाली दोन पट्ट्या, प्रत्येकी पाऊण मीटर रुंद, सहा इंच जाड, वरून आडव्या खाचा, म्हणजे टायर आणि पाय दोन्ही धरतील. साधारण 25 घनमीटर काँक्रीट होतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोंगराच्या बाजूने एक चर, वरचं पाणी वाटेवर न येता कडेने जाईल असा. चर नसेल तर दोन पावसाळ्यांत पट्ट्यांखालची माती निघून जाईल आणि पट्ट्या लोंबकळत राहतील. चिपळूणच्या एका गवंड्याने येऊन बघितलं. त्याचा आकडा फोर व्हील ड्राइव्हच्या फरकाच्या जवळपासच निघाला. वर चार घरं आहेत. सगळ्यांनी वाटून घेतलं तर प्रश्नच नाही, नाही घेतलं तरी गाडीचे वाचलेले पैसे मी त्यात घालायला तयार आहे.

मग रिक्षा चढेल, गॅसचा टेम्पो चढेल, 108 चढेल. माझी ही साधी गाडी तर चढेलच.

पण हे सगळं इतकं सरळ असतं तर मी तीन हजार रुपयांचं पेट्रोल जाळून फोर बाय फोरच्या टेस्ट ड्राइव्हा घेत फिरलो नसतो. खरं कारण सांगतो. गाडी घ्यायला कुणाशी बोलावं लागत नाही. पैसे भरले की चावी हातात. चर खणायचा तर तो वरच्या वळणावर भाईच्या आगरातून तीन हात जातो, आणि भाईशी, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलतभावाशी, आमच्या घराचं गेली चौदा वर्षं बोलणं नाही. कारण एक फणस. तो कुणाच्या हद्दीत आहे यावरून सुरू झालं, मग वाढत गेलं. कोकणातल्या वाचकांना अधिक सांगायची गरज नाही, बाकीच्यांना सांगून पटणार नाही.

भाईशी बोलावं लागू नये म्हणून मी दोन-अडीच लाख रुपये जास्त मोजायला निघालो होतो. हे स्वतःशी कबूल करायला मला एवढे महिने लागले.

आणि एक गोष्ट व्हिडिओत नाही म्हणून नातेवाइकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्या रात्री ज्या चौघांनी अप्पांचं स्ट्रेचर खाली नेलं त्यात पुढचा डावा हात भाईचा होता. आईने हाक मारली ती शेजारी, पण आवाज वरपर्यंत गेला आणि तो तसाच अनवाणी धावत आला. चिपळूणपर्यंत रुग्णवाहिकेतही बसला. मी पहाटे पोचलो तर हॉस्पिटलच्या बाकावर ओल्या कपड्यांत बसलेला. मला बघितलं, उठला, "डॉक्टर साताला येतील" एवढंच म्हणाला आणि एस.टी. पकडून गेला. मी आभारही मानले नाहीत. सुचलंच नाही, किंवा चौदा वर्षांची सवय आड आली.

तर मंडळी, निर्णय झाला आहे. गाडी टू व्हील ड्राइव्हच घेतोय. चिरंजीव दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, आता बोलायला लागलेत. ताई आणि धाकट्याने पट्ट्यांसाठी पैसे पाठवतो म्हणून सांगितलंय. ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, त्याचं जे व्हायचं ते होईल, पण पावसाळ्याच्या आत काम व्हायला हवं. अप्पा आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात आणि रोज चढणीकडे बघून म्हणतात, "मला खालच्या देवळात जायचंय." ते अजून एकदाही खाली उतरलेले नाहीत.

भाईची मुलगी माझं लिहिलेलं वाचते हे मला माहीत आहे. बाळ, हे बाबांना वाचून दाखव. त्यांना म्हणावं, शिमग्याला मी येतोय. पालखीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडे येईन, मोजपट्टी घेऊन. चर कुठून न्यायचा ते त्यांनी दाखवावं, मी तिथूनच नेईन. फणसाचंही ते म्हणतील तसं करू. नाही म्हणाले तरी चहा घेऊनच परत जाईन.